सूर धरणारा

कार्यालयाच्या दारावर एक माळा आहे,
एरंडवण्यात, कालव्याच्या अलीकडे.
तिथे आम्ही तिघं: चौघडा, सनई आणि मी.
रंगनाथअण्णा वाजवतात. मी वाजवत नाही,
धरतो. एकच सूर.
गालांत वारा साठवायचा, नाकाने ओढायचा,
तुटू द्यायचा नाही. सत्तावीस वर्षं एवढंच.

वरून नवऱ्या मुली दिसतात त्या भांगापुरत्या.
भांग, मुंडावळ्यांची गाठ, अबोलीचा गजरा
आणि शेजारी मामाचं टक्कल.
तोंड असं कुणाचं पाहिलं नाही.

ही मात्र सकाळीच जिना चढून आली.
अण्णा पत्ती ओठांत धरून ओली करत होते.
पिवळ्या हातांनी कठडा धरत,
दर चार पायऱ्यांना थांबत.
केस बोटभर, आळ्यातल्या मेथीसारखे नुकते वर आलेले.
धाप खाली बसू दिली, मग मला म्हणाली,
"काका, तुम्ही काय वाजवता?"
"काही नाही. धरतो."
"मी जरा सावकाश येणार आहे. पुरेल ना?"
मी मान हलवली.
तोंडात सनई नव्हती, तरी बोलता आलं नाही.

मुहूर्त अकरा बावन्न. पुण्यातला मुहूर्त.
गुरुजी आधी घड्याळाकडे बघतात, मग देवाकडे.
"मामांनी मुलीला घेऊन यावं" दोनदा म्हणून झालं.
साउंडवाला खालून खुणेने विचारत होता,
पेन ड्राइव्ह लावू?
अण्णांनी सारंग उचलला.

ती आली.
मुंडावळ्या ठरत नव्हत्या, पिनेला धरायला काही नव्हतं.
मामाने एका हाताने त्या धरल्या होत्या, दुसऱ्याने तिला.
चाळीस पावलांचा गालिचा.
अकराव्या पावलाला ती थांबली.

अण्णांचा दम संपला, सनई खाली आली.
चौघडेवाला टिपऱ्या अधांतरी धरून बसला.
कुणीतरी मोबाइलसुद्धा खाली घेतला.
उरलो मी.
आपला सूर असा उघडा
मी स्वतःच कधी ऐकला नव्हता.
गाल फाटायला आले, डोळ्यांत पाणी,
ते वाऱ्याचं असतं, नेहमीच येतं.
तिने मान वर केली.

मग बारावं पाऊल.

पुढे अंतरपाट, अक्षता, टाळ्या, चौघड्याचा कल्लोळ,
त्यात सूर बुडाला. बुडतोच.
जिलबी-मठ्ठा झाला, पाकीट मिळालं,
त्यात पन्नास कमी होते, अण्णा पुटपुटले.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, कुठं?
मला तोंड उघडायला
जरा वेळ लागला.