निव्वळ

अमळनेरच्या जिनात आप्पा काट्यावर होते एकतीस वर्षं.
गाडी आली की भरलेली तोलायची,
कापूस उतरला की रिकामी तोलायची,
रिकामीचं वजन म्हणजे धडा,
आणि उरेल ते तिसऱ्या रकान्यात: निव्वळ.
जिन बंद पडलं तेव्हा
फंडाच्या पैशाआधी घरी आली
एक कोरी वजनवही,
लाल कापडी पुठ्ठ्याची, कडेनं सरकीचं तेल प्यालेली.

तिच्यात त्यांनी कानबाई लिहिली.

तोवर ती सोनजीकाकूच्या तोंडात होती.
नथ कुणी घालायची, चौरंग कुठल्या भिंतीला,
कुठलं गाणं दळताना, कुठलं बोरीकडे निघताना.
काकू वारली
आणि त्या श्रावणात आठ बायका
नारळापुढे बसून राहिल्या
दुसऱ्या ओळीची वाट बघत.

आप्पांचं अक्षर ठेंगणं, पावतीवरचं.
"नारळ तोच. बदलू नये. हलवून बघू नये, आत काय उरलंय ते.
दळताना बोलू नये म्हणतात. आपल्याकडे बोलतात.
रोट घरातच संपवावा. चतकोर उरला तरी कुणाला देऊ नये.
(मी एकदा हमालाच्या पोराला दिला. काही झालं नाही.)"

मध्येच एक पान, नुसतं एवढंच:
"नथू गेला. यंदा बसवली नाही, असं भाऊबंदांना सांगितलं.
रात्री उठून नारळ पुसला.
का पुसला, माहीत नाही."

आणि त्याच्या पुढे, रकाने सांभाळून:
भरलेलं — कानबाई नवसाला पावते.
धडा — मला दोनदा पावली नाही.
निव्वळ — तरी श्रावण लागला की हात आपोआप फडक्याकडे जातो.

मी हे शिरपूरला, सासरच्या ओट्यावर वाचलं.
भागवत म्हणाला होता, वही तूच ठेव,
मला फोटो पाठव लागतील त्या पानांचे.
कुठली लागतील, ते त्यानं सांगितलं नाही.

गव्हाचं पान शेवटी होतं.
आमच्यात रोटाचे गहू माणशी सव्वा मूठ,
आणि माणूस म्हणजे पुरुष.
सुपडू, सव्वा. दगा, सव्वा. भागवत, सव्वा.
नथूच्या नावावर रेघ, पण हलकी,
खालचं नाव वाचता यावं अशी.

दरवर्षी पीठ जास्त व्हायचं.
दरवर्षी माय हसायची:
जिनात रत्तीची चूक नाही या माणसाची
अन् घरी मुठी मोजता येत नाहीत!
आप्पा पण हसायचे, डोकं खाजवत.
मीही हसले आहे, परकर नेसायच्या वयापासून.

त्या पानाच्या तळाशी, निळ्या शाईत, एकट्या ओळीवर
कोकिळा, सव्वा.
तारीख माझ्या बारशाच्या वर्षाची.
लग्नाच्या वर्षीही रेघ नाही.
शेजारी, हिशोबाची नव्हे तर घरची भाषा:
"आंडेर बी घरनीच शे."

एकोणपन्नास वर्षं
ते स्वतःला चुकवत राहिले सगळ्यांदेखत
आणि खरं वजन फक्त वहीला सांगितलं.

वहीत अजून सत्तरेक पानं कोरी आहेत.
मी पेन घेऊन बसते, सुनेचं टोपण नसलेलं.
भरलेलं लिहून होतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं.
धडाही लिहिते, त्याला रात्र लागते:
दवाखान्यातले दिवस, यांचं पिणं,
आणि ते वर्ष, जेव्हा मी नारळाकडे पाठ करून झोपले.
तिसऱ्या रकान्यात
अजून काही उतरत नाही.

पण गहू निवडून झालेत.
भागवतच्या नातीचं नाव अजून ठरायचंय,
सुनेला सातवा चालू आहे,
नथूची मूठ कुणी मोजत नाही.
परातीत टाकताना हात चुकतो.
चुकू देते.