वर्षातली सर्वाधिक शिल्लक

देशाबाहेर राहणाऱ्यांना दोन महिने जास्त मिळतात,
पंधरा जूनपर्यंत.
तरी सगळे उगवतात ते तेरा-चौदालाच,
बुटांच्या खोक्यात पावत्या कोंबून.
माझ्या पंख्याखाली आधी घाम पुसतात,
मग सरकारच्या नावाने बोटं मोडतात.
कुठल्या सरकारच्या, ते मी विचारत नाही.
चापालाच्या तळ्याकाठी या गावात
प्रत्येकाला दोन-दोन सरकारं पुरून उरतात.

मी ओफेलिया. वीस वर्षं यांचे फॉर्म भरते आहे.
यांच्या देशात एकदाच गेले होते,
विमानतळावरूनच परत पाठवलं.
पण त्यांच्या करांची कलमं, पोटकलमं
मला झोपेत विचारा.

लिंडक्विस्टबाई म्हणतात, पेन्शन आहे तेवढीच,
आणि डॉलर घसरत घसरत सतरा पेसोंवर आला.
वीस होता तेव्हा स्वयंपाकाला बाई होती,
आता भांडीसुद्धा मीच घासते.
(ती बाई माझी मावसबहीण. मी खाली मान घालून
आकडे टाइप करते.)

डेल आणि त्याचा मेहुणा
मागच्या निवडणुकीपासून एका बाकावर बसत नाहीत.
दोघांनी मतपत्रिका इथूनच पाठवल्या,
उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशा.
मला वाटतं दोघांच्याही पोचल्या नाहीत.
आमचं टपाल मला ठाऊक आहे.
पण भांडण तर पोचलंय, म्हणून गप्प बसते.

थर्लोसाहेब सगळ्यात शेवटी.
खोकं नाही, एकच पाकीट, आणि कुत्रा.
फॉर्म विचारतो:
परदेशी बँकेतल्या खात्याची
वर्षातली सर्वाधिक शिल्लक किती?
परदेशी म्हणजे ही समोरची, रस्ता ओलांडून,
जिथला पहारेकरी या कुत्र्याला नावाने हाक मारतो.

पासबुक न उघडताच ते म्हणाले,
अकरा मार्च. सकाळी दहा.
लोरेनच्या ऑपरेशनसाठी तिकडचं सगळं मोडून
इथे आणलं होतं.
दुपारी चारला ग्वादालाहाराच्या हॉस्पिटलने घेतलं.
सहा तास होते पैसे.
त्या सहा तासांचाही हिशेब द्यायचा?

द्यायचा, मी म्हटलं.

पुढचा रकाना: सहखातेदाराचं नाव.
ते रकान्याकडे बघत राहिले.
मी विचारलं, त्या तारखेला होत्या ना?
होती. खिडकीशी बसली होती.
तळ्यातली जलपर्णी केवढी वाढलीय म्हणाली.
मग लिहू या.
एकेक अक्षर त्यांनी सांगितलं,
मला पाठ होतं, तरी सांगू दिलं.

संध्याकाळी पैसे बदलायच्या दुकानाशी
मी रांगेत, पुढे थर्लोसाहेब.
माझा भाऊ एउसेबियो शुक्रवारी डॉलर पाठवतो.
मनुके वाळवण्याच्या कारखान्यात आहे.
कर तोही भरतो, वेळेवर,
त्या देशाने त्याला अजून नाव दिलेलं नाही,
नुसता नंबर दिलाय करापुरता.
आता म्हणे घरी धाडलेल्या पैशालाही कात्री लागणार.
एका हाताने कमवा, दुसऱ्याने मोजून द्या,
तिसरा हात आणायचा कुठून?

फळ्यावर लाल आकडे:
सतरा पूर्णांक शून्य चार.
थर्लोसाहेबांनी जो सुस्कारा टाकला
तो मीच टाकला असं क्षणभर वाटलं.

वाढेल का, ओफेलिया?
भाऊ म्हणतो, वाढेल.
कुठला भाऊ?

वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं.
फ्रेस्नोला असतो, मी म्हटलं.

त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
कुत्र्याचा पट्टा मनगटाला गुंडाळला.
उन्हाळ्यात फार उकडतं तिथे, म्हणाले.

हो. तोही तेच सांगतो.