बोलता येईल इतकी चाल

सकाळी साडेसहाला नेरूळच्या आमच्या लॅबमध्ये
हरेश्वर तांडेल सायकलवर बसतात, जी कुठेच जात नाही.
वय सेहेचाळीस. कचेरीत वीस वर्षं खुर्ची.
दिवाळ्याच्या खाडीत वडील वल्हं मारायचे,
हे त्यांनी मी न विचारता सांगितलं,
जणू वडिलांच्या खांद्यांचं काही
यांच्या खात्यावर जमा असावं.

मी आधी रक्त घेते. मग ते पायडल मारतात. मग पुन्हा घेते.
सोमवारी हळू. गुरुवारी तोंडाला फेस येईपर्यंत.

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचा आकडा
अख्ख्या सोसायटीला पाठ असतो,
पपईच्या पानांचा रस, नव्वद रुपयांची एक किवी.
आकडा सगळे विचारतात.
स्वभाव कोणी विचारत नाही.

तो मी बघते.
बोटभर काचेच्या नळीत पिवळट गढूळ द्रव,
त्यात एक थेंब चिथावणीचा,
आणि पलीकडून उजेड.
गढूळ ते वाईट, निवळ ते चांगलं,
असं हंड्यात तुरटी फिरवताना आई सांगायची.
इथे उलटं.
कण एकमेकांना बिलगून त्यांच्या गाठी होतात
तेव्हा नळी निवळते, उजेड आरपार जातो,
कागदावरची रेघ चढते.

सोमवारची रेघ शहाणी, बसल्याजागच्या रेघेहूनही शांत.
गुरुवारची, पारसिकच्या चढासारखी उभी.

त्यांना काय ठाऊक ही सायकल आहे.
माणूस जिवाच्या आकांताने पळतोय
म्हणजे मागे दात लागलेत, आता कातडी फाटणार,
एवढंच कुठल्यातरी जुन्या रानापासून त्यांना माहीत.
प्लीहेतून राखीव कुमक निघते,
हातांत हात अडकतात
जखमेची वाट बघत.
जखम येत नाही.

गाठी सोडवणारेही धावून येतात, तेही खरं,
पण ते लवकर घरी जातात.
सायकल थांबल्यावर काही वेळ
बांधणारे जागे, सोडवणारे पांगलेले.

त्या वेळेला मी ओळखते.
माझा भाऊ भालचंद्र, एक्कावन्नाव्या वाढदिवसाला
माझ्याच मुलांशी शंभराची पैज लावून
पारसिकच्या टेकडीवर पळत गेला.
जिंकला. नोट खिशात घातली, फोटो काढला.
उतरताना तिसऱ्या वळणावर
कठड्याला टेकला आणि म्हणाला, जरा थांबा.

हे यंत्र मला तेव्हाही चालवता येत होतं.

सुई काढली की कापूस ठेवून मी सांगते,
हात दुमडा, पाच मिनिटं.
त्या पाच मिनिटांत तेच कण
मी पाडलेलं भोक बुजवून टाकतात.
राग धरायचा तर कुणावर.

मॅडम, म्हणजे जोर लावायचाच नाही?
लावा, पण आधी ओळख होऊ द्या.
आता आठ आठवडे झालेत.
हरेश्वररावांची गुरुवारची रेघ थोडी वाकून चालते.
थोडीच. एका माणसाच्या कागदाला
मी जास्त बोलायला लावत नाही.

रविवारी वहिनीला घेऊन त्याच टेकडीवर जाते.
नियम एक, बोलता येईल इतकीच चाल.
गाणं म्हणता आलं तर फार हळू,
शब्द तुटले तर फार जोरात.
नियम मी सांगितला, आणि अकरा रविवार
ती एक अक्षर बोलली नाही.
तिच्या श्वासांवरून मी अंदाज बांधत राहिले.

आज तिसऱ्या वळणावर ती म्हणाली,
त्या शंभराच्या नोटेवर ना
कुणीतरी शाईने हिशेब लिहिलाय,
दूध, अंडी, आणि तिसरं काही वाचता येत नाही.

पूर्ण वाक्य. मधे कुठे दम लागला नाही.

तिसरं काय असेल
यावर आम्ही वरपर्यंत बोलत गेलो.