आठाची उजवी काडी

बातुमीच्या मासळीबाजारामागे
दाराएवढी रुंद माझी टपरी.
समुद्र इथून दिसत नाही,
पण रोज माझ्याकडे येतो दुरुस्तीला:
कुणाच्या रेडिओच्या सांध्यात हिरवा गंज होऊन,
कुणाच्या थर्मामीटरच्या काचेआड
पांढरी बुरशी होऊन.

मंगळवारी त्सिआलाने तिचा कॅल्क्युलेटर टेबलावर टाकला.
बटणांच्या फटीत खवले,
बेरजेच्या खुणेवर तर अख्खं शेपूट चिकटलेलं.
"आकडे खातोय मेला," ती म्हणाली,
आणि उत्तराची वाट न बघता
गेली बर्फ फोडायला.

चार स्क्रू. त्यातला एक गंजून बसलेला,
त्याने माझा अर्धा तास घेतला आणि दोन शिव्या.
काच उचलली.
काचेखाली असतो रबराचा एक तुकडा,
काळा-पांढरा-काळा, इतका बारीक पट्टेरी
की डोळ्यांना राखाडीच वाटावा.
त्याच्या एकेका काळ्या रेघेतून
एकेक काडी काचेपर्यंत पोचते.
सात पोचल्या की आठ.
वरची उजवी वाटेत अडली की सहा.
नवाचाही मग पाच होतो,
निमूट, कुठे काही तुटल्यासारखं न दिसता.
बाकीचे लंगडतात, माणूस ओळखून घेतो त्यांना.
आठ आणि नऊ मात्र
दुसऱ्याच्या नावाने सुखाने नांदतात.

लारीच्या घरातल्या एका रेघेवर मीठ होतं.
साखरेच्या कणाहून लहान.
स्पिरिटचा बोळा. खोडरबर. फुंकर.
काम एवढंच.

संध्याकाळी ती आली. आठ दाबला. नऊ दाबला.
पुन्हा आठ.
"कधीपासून?"
"मीठ चढायला वेळ लागतो," मी म्हणालो,
"हिवाळ्यापासून असेल."
ती ओठांतल्या ओठांत गिऱ्हाइकं मोजू लागली:
बंदरावरचा नुगझार,
दातांच्या डॉक्टरची बायको,
वरच्या गावातून शिकायला आलेली ती तीन पोरं,
ती जाऊ देत.
मी स्क्रू डबीत टाकत होतो,
डबीतून काढत होतो.

कारण बुधवारी मीही मासे घेतो.
अख्खा हिवाळा
ती काच माझ्याकडे वळवून धरायची,
आणि मला दिसायचा सहा.
आणि मला, सव्वीस वर्षं याच टेबलाशी बसलेल्याला,
सहाच्या खांद्यापाशी दिसायची
काडीएवढी रिकामी जागा.
एकदा तर मी हातमोजा काढून
नाणी सावकाश मोजली होती,
प्रामाणिक माणसासारखी.

"किती झाले?" तिने विचारलं.
"आठ."

तिने ॲप्रनच्या खिशात हात घातला.
ओली नाणी एकेक करून टेबलावर मांडली,
सोल्डरच्या डागांमधून वाट काढत.
सहा.
आणि मग बघत राहिली माझ्याकडे,
मासा ताजा आहे का ते बघतात ना,
तशी,
नीट डोळ्यांत.