पहिल्या अंड्याचा हिशेब

"येक नको नेव," गुणाबाई तांडेल म्हणाली,
"एकटी कोंबरी झुरते. दोन नेल्यास तं भांडतीन. तीन ने."
आणि घणसोली गावठाणात, मागच्या पडवीत,
टोपलीखाली हात घालून तिने तीन तलंगा काढल्या,
मी डेपोत ड्रॉवरमधून सुट्टे काढतो तशा,
न बघता, बोटांच्या ओळखीने.
"आन पयलं दार लावाला शिक.
दाना-पानी मंग."

रिक्षात पिशवी मांडीवर होती.
मिथिलेला कुत्रा हवा होता,
शलाकाला काहीच नको होतं,
आणि माझ्या मांडीला खालून ऊब लागत होती
हे मी दोघींनाही सांगितलं नाही.

खुराडं मीच केलं. सुताराचे पैसे वाचले,
अंगठ्याचं नख गेलं.
दार रबाळ्याच्या भंगारवाल्याकडचं, एका कपाटाचं,
बाहेरून आरसा तसाच राहिलेला, कोपऱ्यात टिकली चिकटलेली.
पहिले चार दिवस तलंगा त्याच्याशी भांडल्या.
मग टिकली टोचून टोचून खाल्ली
आणि समेट झाला.

रविवारी तिसऱ्या आणल्या,
शिंपा धुतल्या, तव्यावर भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या.
वरच्या मजल्यावरचे भोईटे ओरडले, काय चाललंय?
म्हटलं, कवच.
म्हणजे अजून नाहीये,
पण तयारी.

एक गोष्ट कोणी सांगत नाही:
चिकन सेंटरच्या रांगेत आता मी उभा असतो
तेव्हा बाहीवर एखादं पीस असतं.
दुकानदार ते बघतो. मी ते झटकतो.
अर्धा किलो, स्किन काढून.
यावर मला पुढे काही बोलायचं नाही.

दार.
त्या दिवशी कॅश जुळत नव्हती. चौदा रुपये कमी.
ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं मोजली
त्याला चौदा रुपये कमी चालत नाहीत.
पावणेनऊला सापडले, सत्तावीसच्या जागी तेरा लिहिलं होतं.
घरी आलो तर कडी लोंबत होती,
खाडीच्या बाजूने काहीतरी येऊन गेलं होतं,
मुंगूस म्हणा, उदमांजर म्हणा,
आणि मातीत पिसं अशी पडली होती
की कुणी उशी उसवली असावी.
दोघी खुराड्याच्या छपरावर, एकमेकींत घुसलेल्या.
मिथिला रडली नाही. तिने विचारलं,
"बाबा, तू कुठे होतास?"
गुणाबाईला फोन केला.
ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली,
"जेवलास?"

दुसऱ्या दिवशी तांबडी आरशासमोर
दुपारभर उभी राहिली.
दाणे टाकले तर थोडे खाल्ले
आणि थोडे आरशाच्या पायाशी राहू दिले.
मी बघितलं तेवढं सांगतो.

बावीस दिवसांनी ओट्यावर ठेवलेल्या माझ्या हेल्मेटमध्ये
अंडं.
अडतीस ग्रॅम. भाजीच्या काट्यावर.
टोकाकडे रक्ताची एक बारीक रेघ,
गरम, गालाला लावून बघण्याइतकं
(लावलं. कोणी नव्हतं.)

शलाकाने वही काढली:
तलंगा तीन, साडेतीनशेने, एक हजार पन्नास.
जाळी, खिळे, कडी, सातशे चाळीस.
खाद्य चारशे वीस. रिक्षा साठ. लसीचे थेंब नव्वद.
एकूण दोन हजार तीनशे साठ.
"कोपऱ्यावर सात रुपयांना मिळतं," ती म्हणाली,
आणि अंडं फ्रिजच्या दारात ठेवलं,
सहा खळग्यांत एकटंच.
तीन दिवस कोणी फोडलं नाही.
चौथ्या दिवशी तिनेच मिथिलेला पोळा करून दिला
आणि कवच धुऊन खलबत्त्यात टाकलं.

ते चौदा रुपये वहीत कुठे लिहायचे ते मला कळलेलं नाही.

आता सव्वासहाला ड्रॉवर भगतच्या ताब्यात देतो.
जुळलं तर जुळलं, नाही तर उद्या.
त्या आपणहून आत जातात, बोलवावं लागत नाही,
उजेड जरा राखाडी झाला की
एक आधी, दुसरी तिच्या मागे कुरकुरत.
दार लोटलं की आरशात मी येतो,
हेल्मेटने केस चपटलेले, ओठ हलताहेत,
दोन, दोन.
कडी घालतो.
मग पुन्हा एकदा ओढून बघतो.