चाळीस फूट

अंदमानच्या तिकिटांबरोबर एक फॉर्म आला.
श्रेणिकनं तो दुकानातच भरला, हळदीच्या पोत्यावर ठेवून.
दमा? नाही. कानाचं दुखणं? नाही.
फिट, चक्कर, छातीत घरघर –
नाही, नाही, नाही, सरळ खालपर्यंत,
हमालीच्या पावत्यांवर सह्या करावा तसा.
कोपऱ्यात त्याचा पिवळा अंगठा उमटला होता.

मी रात्री वाचला.
सौदे सुरू झाले की याच्या छातीत शिट्टी वाजते.
तीस वर्षं हळदीची धूळ, उशीखाली पंप.
"हा पंप कुणाचा मग?"
"अगं, तिथं कोण बघायला बसलंय?"
"पाणी."

उपाध्ये डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, बराच वेळ.
"श्रेणिकराव, तुम्ही बोटीत बसा."
मला म्हणाले, पडदे शाबूत आहेत,
पण त्या दिवशी सर्दी असली
तर पैसे बुडवा, स्वतः बुडू नका.
चार दिवस घरात कुणी बोललं नाही.

पोहायला मला येतं.
सरकारी घाटावर शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून.
काका काठावरून ओरडायचे, कोंड! श्वास कोंड!
जास्त वेळ कोंडेल त्याला भडंगाचा पुडा.
मिरजेचा तौफिक मुजावर टँकवर म्हणाला,
"काकी, ते सगळं विसरायचं.
श्वास कोंडायचाच नाही.
खालची हवा वर येताना फुगते, छाती फाडते.
घेत राहा, सोडत राहा.
कान दुखायच्या आधी नाक दाबून फुंका.
दुखल्यावर नाही, आधी.
आणि वर येताना आपल्या बुडबुड्यांच्या पुढं पळू नका."

अंगठ्याचं मात्र जमेना.
आमच्याकडं अंगठा म्हणजे झकास.
पाण्यात अंगठा म्हणजे वर चला, आत्ता.
सगळं बरं असेल तर बोटांचा गोल.
पहिल्या दिवशी मी खुशीत तीनदा अंगठा दाखवला,
तिन्हीदा त्यानं मला उचलून बाहेर आणलं.

"तिथं किती खोल नेतील?"
"बारा मीटर. चाळीस फूट धरा."

मी काठाची पायरी सोडली नाही.

चाळीस फूट मला विचारा.
आयर्विनला चाळीस म्हणजे इशारा.
गाद्या माळ्यावर, कागद पिशवीत,
दर तासाला कुणीतरी फोनवर आकडा सांगतंय.
पंचेचाळीसला धोका.
सत्तावन्नला आमच्या गल्लीत बोट आली होती
आणि बोटीत हाच तौफिक, मिसरूड फुटलेला.
गोदामातली हळद पाण्यात उतरली होती.
आमच्या जिन्याला अजून पिवळी रेघ आहे,
ती मी पुसत नाही.
तेव्हा पाणी आलं होतं, फॉर्म न भरता.
आता मी त्याच्या घरी चाललेय
तर रीतसर जावं.

भाकरी थापताना तोंडानं श्वास घेते.
एकदा श्रेणिक दारात उभा राहून ऐकत होता.
"हळू," एवढंच म्हणाला.
दुसऱ्या दिवशी टेबलावर नवीन तिकीट.
पाण्यातून आल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं,
हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.
परतीचा दिवस त्यानं एकानं पुढं ढकलला होता,
दंड भरून,
आणि दंडावर घासाघीस केली नव्हती
हा माणूस, जो पोत्यामागं आठ आण्याला भांडतो.

आज पहाटे मिरज स्टेशनवर
गाताडे वहिनी सोडायला आल्या.
गाडी हलली तशी त्यांनी अंगठा दाखवला.
माझा हात वर जाण्याआधी
खिडकीतून श्रेणिकचा हात बाहेर गेला,
बोटांचा गोल करून,
नखांत हळद.