साखळी

सकाळी सहाला, शिरोड्याच्या सुरूबनामागे,
बाबल खोबरेकर आणि मंडळी.
त्यांना सांगायचं ते सरळ असतं:
डावा कोपरा उघडा पडतोय, साखळी तुटतेय,
गुडघा जप, काल किती घेतलीस?
ते ऐकतात. ऐकून पुन्हा तेच करतात.
तिशीतलं अंग आपली खोड सोडत नाही,
माझ्याही नाही सोडलं.

संध्याकाळी चौथीची पोरं.
साखळी म्हटलं की हात धरून
खरंच गोल फिरायला लागतात.
रुजाय चढाईला जाते, दम धरते,
आणि मध्यरेषेपाशी कुर्ली दिसली म्हणून थांबते.
कबड्डी कबड्डी कुर्ली कुर्ली,
समोरचे सातही जण ओणवे.

मी शिट्टी दातात धरून उभा.
वाजवत नाही.
मला असं कुणी शिकवलं नव्हतं.
मला शिकवलं ते पोटऱ्यांवर, ओल्या दोरीने.

ओमू तारी पकडला गेला.
बाहेर जाईना. जवळ येऊन माझा शर्ट ओढत म्हणाला,
"सर, माका उद्या आऊट करा.
आज आई इली हा."

नियमांच्या पुस्तकात उद्या नाही.
मी त्याला बाहेर बसवलं, आईच्या शेजारीच,
आणि गुण मिळताच आत बोलावलं.
गेला रडत, आला धावत.

परवा बाबल बाद झाला.
रेषेवरून वाद, शिव्या, लाथेने उडवलेली वाळू.
एरवी मीही तेवढाच ओरडलो असतो.
विचारलं, "कोण इलो हा रे, बघूक?"
तो गप्प.

उलट्या होडीवर त्याचा धाकटा,
पाय हलवत,
तोंडाने कबड्डी कबड्डी,
एका दमात.